प्रत्येक 'रिकन्स्ट्रक्शन' म्हणजे बांधकाम नव्हे

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अमेरिकेतल्या यादवी युद्धावर मोठा लेख होता. लेख अनुवादित असावा, पण वाचायला बरा होता. शेवटच्या रकान्यात मात्र एक वाक्य असे होते: 'युद्ध संपल्यावर देशात बारा वर्षे पुनर्बांधणीचे काम चालले आणि १८७७ मध्ये ते थांबवण्यात आले.' शेजारी पडक्या भिंतींचे चित्रही होते. माझा नातू गुडघ्याला पट्टा बांधून कॉटवर पडलेला आहे. वेळ जात नाही म्हणून हल्ली तो पेपर मोठ्याने वाचतो. त्याने ते वाक्य वाचले आणि विचारले, "आबा, बारा वर्षांत बांधून झालं नाही म्हणून कंत्राट रद्द केलं का हो?"

घरात सगळे हसले. पण त्याची चूक नाही. आमची गिरगावातली चाळ पाडून नऊ वर्षे झाली, आम्ही डोंबिवलीला भाड्याने राहतो आणि जेवताना या घरात दुसरा विषय नसतो. 'पुनर्बांधणी' म्हटले की त्या पोराच्या डोळ्यांसमोर पत्र्याचे कुंपण आणि विकासकाचा फलकच येणार. तुमच्या मुंबई-ठाण्यातल्या निम्म्या वाचकांचेही तसेच होत असणार. म्हणून हे पत्र. लांबले तर कापा, पण मधूनच कापू नका. शेवटून कापा.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे हा म्हातारा कोणत्या अधिकाराने बोलतो ते कळेल. भाषेचा मी पंडित नव्हे. १९७४ ते २०१० मी सरकारी नोकरीत आरेखक होतो. आरेखक म्हणजे ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारा. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेने आणि अमोनिया प्रिंटचा नाकात जाणारा वास यात माझी छत्तीस वर्षे गेली. त्यातली बहुतेक जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढण्यात. आमच्या कामात रंगांची एक साधी रीत असे. पांढऱ्या कागदावर जुने बांधकाम काळ्या रेषेत, पाडायचे ते पिवळ्यात, नवे करायचे ते लाल. साहेबांना टिपण वाचायची गरज पडत नसे. कागद उलगडला की काय राहणार, काय जाणार आणि काय येणार ते रंगच सांगत. शब्दांच्या बाबतीत मला आजवर याहून चांगली युक्ती सापडलेली नाही, म्हणून तिचाच आधार घेतो.

दुरुस्तीच्या नकाशात कागद काळाच असतो. मध्ये कुठे तुळई बदलली, कडीपाट काढून स्लॅब घातला, खचलेल्या खांबाशेजारी लोखंडी गर्डर उभा केला, तेवढ्यापुरते लाल. त्याच्या पुढची पायरी म्हणजे इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली. तेव्हा सगळी बाह्यरेषा पिवळी होते आणि त्याच पिवळ्यावर, थोडेफार सरकवून, लाल चढते. तीच जागा, तेच भाडेकरू, साधारण तेवढ्याच खोल्या. इंग्रजीत याला रिकन्स्ट्रक्शन म्हणत. तिसरा प्रकार आमच्या निवृत्तीच्या सुमाराला धो धो आला, तो रीडेव्हलपमेंटचा. त्यात सगळा भूखंड पिवळा आणि लाल कुठे, तर एका कोपऱ्यात जुन्या रहिवाशांसाठी एक उंच काडी, आणि उरलेल्या जागेत विक्रीचा मनोरा. काळी रेघ एकसुद्धा नाही.

दुरुस्ती, पुनर्रचना आणि पुनर्विकास अशी ही तीन कामे आहेत. तीन कामांना मराठीत तीन शब्द आहेत आणि सरकारदरबारी ते नीट वापरलेही गेले आहेत. १९६९ साली मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी कायदा झाला आणि त्यातून जे मंडळ आले त्याच्या इंग्रजी नावात रिपेअर्स आणि रिकन्स्ट्रक्शन असे दोन शब्द होते. मराठीत त्याचे 'इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ' झाले. पुढे ते म्हाडात गेले, नाव तेच राहिले. ज्यांनी हे भाषांतर केले त्यांच्यासमोर 'पुनर्बांधणी' हा शब्द नव्हता असे नाही. तरी त्यांनी 'रचना' घेतला. त्या काळी मला वाटे की हे कारकुनी संस्कृत आहे, साधे 'बांधणी' म्हणायला काय झाले होते? आता वाटते की त्या अनामिक भाषांतरकाराला माझ्याहून जास्त कळत होते.

कारण असे पाहा. इंग्रजी कन्स्ट्रक्ट हा शब्द लॅटिनमधून आला. त्यातल्या 'कॉन'चा अर्थ एकत्र, आणि 'स्ट्रुएरे' म्हणजे एकावर एक ठेवत जाणे, रास लावणे. आपले 'रचणे' नेमके तेच. मडक्यांची उतरंड रचतात, कडब्याच्या पेंढ्या रचतात, विटा रचतात, ओवी रचतात, कटही रचतात आणि शेवटी सरणही रचतात. रचण्यात काय कशावर ठेवायचे याचा विचार असतो. 'बांधणे' मुळात दोरीचे. फेटा बांधतात, गाठोडे बांधतात, गुरे बांधतात, मग घर आणि धरणही बांधतात. बांधले की ते पक्के झाले. मात्र रचलेले उतरवून दुसऱ्या क्रमाने लावता येते. म्हणून राज्यांची, अभ्यासक्रमाची, मतदारसंघांची पुनर्रचना होऊ शकते, पुनर्बांधणी होत नाही. तुम्हीही 'मतदारसंघांची पुनर्बांधणी' असे कधी छापणार नाही.

(संस्कृतच्या नियमाने तो शब्द 'पुनारचना' व्हायला हवा. आमच्या शाळेतले शास्त्री 'पुनः रमते'चे 'पुना रमते' करून दाखवत आणि छडी वाजवत. पण मराठीत 'पुनर्रचना' रुळला आहे आणि त्यावरून मला भांडायचे नाही.)

आता तुमच्या लेखाकडे वळतो. अमेरिकेत १८६५ ते १८७७ या काळाला रिकन्स्ट्रक्शन म्हणतात हे खरे. इंग्रजीत तो शब्द तेव्हा मोठ्या 'आर'ने लिहितात, म्हणजे ते विशेषनाम आहे, एका कालखंडाचे नाव आहे, हे वाचणाऱ्याला दिसते. आपल्या देवनागरीत मोठे अक्षर नाही. त्यामुळे भाषांतर करताना तो 'आर' गळून पडतो आणि मागे राहतो तो विटा-चुन्याचा शब्द. मग चित्र शोधणारा बिचारा पडक्या भिंती लावून मोकळा होतो.

दक्षिणेतली शहरे जळाली होती, रेल्वेचे रूळ उखडले होते, हे सगळे होतेच. पण भांडण त्याचे नव्हते. भांडण असे होते की संघराज्यातून फुटून निघालेली आणि हरलेली राज्ये परत आत घ्यायची ती कोणत्या अटींवर? आणि जे सुमारे चाळीस लाख लोक कालपर्यंत कोणाची तरी मालमत्ता होते, ते आजपासून कोण? १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्ण पाहून मताधिकार नाकारायला बंदी केली. १८६७ साली दहा राज्ये पाच लष्करी जिल्ह्यांत विभागली गेली. त्यांनी नव्या राज्यघटना लिहाव्यात, त्यासाठीच्या मतदानात काळ्या पुरुषांना घ्यावे, मग आत यावे, अशी अट होती. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे सिनेटमध्ये गेले, तिथे पोचलेले ते पहिले काळे सदस्य. यात गवंडी कुठे आहे? ही राज्याचीच पुनर्रचना आहे. आमच्या नकाशाच्या भाषेत सांगायचे तर इमारत तीच, पण आतल्या भिंती पाडून कोणी कुठे राहायचे तेच बदलायचे होते. १८७७ साली राजकीय सौदा झाला, दक्षिणेतल्या राज्य सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि लाल रेघा बराच काळ कागदावरच राहिल्या. 'काम थांबवण्यात आले' हे तुमचे क्रियापदही म्हणून खटकते. काम थांबले नाही, ते सोडून देण्यात आले. या दोन गोष्टींतला फरक नऊ वर्षे भाड्याने राहणाऱ्या माणसाला विचारा.

आणि हा विषय आपल्याला अगदी परका आहे असेही नाही, म्हणून जास्त लिहितो आहे. जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली निघाले. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी निःस्वार्थ वृत्ती दाखवली तिच्या गौरवार्थ. आपण शाळेत हे वाचतो आणि ते युद्धाला, लिंकनला उद्देशून आहे असे धरून चालतो. पण साल पाहा. १८७३ मध्ये युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. पंधरावी दुरुस्ती होऊन तीन. तुमचा लेख ज्याला 'पुनर्बांधणीचे काम' म्हणतो ते अजून चालू होते, चार वर्षांनी ते सोडून दिले जाणार होते आणि पुण्यात बसलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी सत्यशोधक समाज काढला. गंमत म्हणजे जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदारही होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. दगड आणि चुना म्हणजे काय आणि समाजाची रचना म्हणजे काय, हे दोन्ही ज्याला वेगवेगळे कळत होते असा तो माणूस. त्यांच्या पुस्तकाचा काळ तुमच्या त्या लेखाच्या काळात बसतो ही ओळ एखाद्या चौकटीत आली असती, तर पडक्या भिंतींच्या चित्रापेक्षा बरी दिसली असती.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, 'पुनर्रचना' तरी कुठे एका अर्थाचा राहिला आहे? बरोबर आहे. १९५३ चा राज्य पुनर्रचना आयोग इंग्रजीत रीऑर्गनायझेशनचा होता. बँक कर्जाची पुनर्रचना करते तेव्हा इंग्रजीत ते रीस्ट्रक्चरिंग असते. बुडीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या नावात तर खुद्द रिकन्स्ट्रक्शन आहे. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना वाटले की 'मालमत्ता पुनर्रचना कंपनी' म्हणजे आपल्यासारख्या रखडलेल्या चाळी बांधून देणारी कंपनी. ते चौकशीलाही निघाले होते, मीच थांबवले. जागतिक बँकेची मूळ संस्था १९४४ साली ठरली, तिचे आपल्या पाठ्यपुस्तकातले नाव आंतरराष्ट्रीय पुनर्रचना व विकास बँक. तिचे पहिले कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला गेले, पंचवीस कोटी डॉलरचे, आणि ते युद्धाने मोडलेला देश उभा करण्यासाठी होते. तिथे तुम्ही 'उभारणी' म्हणालात तर माझी हरकत नाही. शब्द एक आणि कामे दहा, हे इंग्रजीतही आहे. म्हणून तर दर वेळी थांबून पाहावे लागते की मोडले काय होते, आणि परत काय आले.

याच बँकेच्या पैशावर झालेल्या एका कामावर मी गेलो होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लोक विसर्जन करून दमून झोपलेले होते. आमच्यासारख्या अनेकांना पुढच्या वर्षी तिकडे काही महिन्यांसाठी पाठवले. तोवर मी मुंबईच्या बाहेरची घरे मापलेली नव्हती. तिथली जुनी घरे दगडाची, चिखलात रचलेली, दोन-दोन हात जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात आत गार. पण त्या पहाटे तेच माळवद आणि तेच दगड माणसांवर आले. पुढे बावन्न गावे जागा बदलून नव्याने वसवली गेली. घरे तीन मापांची होती, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट, ज्याची जितकी जमीन त्या हिशेबाने.

तिथे सरकारी कागदावर सगळीकडे शब्द होता 'पुनर्वसन'. इंग्रजीत रिहॅबिलिटेशन. मला तो शब्द तेव्हा जड वाटला होता, पण तो खरा होता. कारण तिथे कोणी जुने गाव परत रचत नव्हते. सरळ रेषेत रस्ते, प्रत्येकाला मोकळा भूखंड, भिंतीला भिंत लागायची नाही. कागदावर ते इतके सुबक दिसायचे की मी स्वतः खूश होतो. औसा तालुक्यातल्या एका गावात एका म्हाताऱ्याला मी त्याचे घर नकाशावर बोटाने दाखवले. त्याने बराच वेळ कागद फिरवून पाहिला आणि विचारले, "आन् ह्याच्या शेजारी कोन?" माझ्याकडे भूखंडाचा क्रमांक होता, नाव नव्हते. तो म्हणाला, "मंग घर दाखवलंस कशाला?" मी काही बोललो नाही. क्रमांक वहीत पाहून नाव शोधायला पाच मिनिटे लागली असती. मी ती घेतली नाहीत, याचे आज वाईट वाटते.

तिथले लोक मात्र शब्दांच्या बाबतीत आपल्यापेक्षा नेमके होते. पुनर्वसन वगैरे त्यांच्या तोंडी कधी नसे. ते 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' म्हणत.

मधली एक आठवण नातवाच्या गुडघ्याची सांगतो, कारण हे पत्र त्याच्यामुळेच निघाले. कबड्डीत चढाई करताना पाय अडकला आणि गुडघ्यातला एक अस्थिबंध तुटला. डॉक्टरांच्या कागदावर लिहिले होते 'एसीएल रिकन्स्ट्रक्शन'. माझ्यातला आरेखक जागा झाला. मी विचारले, म्हणजे तुटलेला शिवणार का? डॉक्टर म्हणाले, "नाही आजोबा. तो शिवून टिकत नाही. मांडीच्या मागचा एक टेंडन काढतो, वरच्या आणि खालच्या हाडाला भोक पाडतो आणि तो ओवून पक्का करतो. जुन्याच्या जागी, जुन्याच कामासाठी." जुन्याच्या जागी, जुन्याच कामासाठी! आमच्या साहेबांनी छत्तीस वर्षांत रिकन्स्ट्रक्शनची इतकी स्वच्छ व्याख्या केली नव्हती. त्यात दुरुस्ती नाही, म्हणजे काळ्यावर लाल ठिपका नाही. पुनर्विकासही नाही, म्हणजे गुडघा पाडून बावीस मजली मांडी उभी केलेली नाही. मी सुनेला हे सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, आधी फॉर्मवर सही करा."

आता मुंबईकडे येतो. इथे या शब्दांचा घोटाळा नुसता भाषेचा राहत नाही, तो लोकांच्या सहीपर्यंत जातो.

भाडी १९४० च्या पातळीला गोठली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, चाळी टेकूंवर आल्या, म्हणून ते मंडळ आले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी ज्यांच्यावर उपकर बसवला त्या) इमारती सुरुवातीला १९,६४२ मोजल्या होत्या. मंडळाने त्यातल्या काही पाडून स्वतः बांधल्या, त्या 'पुनर्रचित' इमारती. खोल्या लहानच राहिल्या, कारण पुनर्रचनेत तेवढेच अपेक्षित होते. आज त्याच पुनर्रचित इमारती मोडकळीला आल्या आहेत आणि आपल्याच पेपरात मी मथळा वाचला आहे: 'म्हाडाच्या ३८८ पुनर्रचित इमारतींचा पुनर्विकास'. तो मथळा मी कापून ठेवला आहे. चेष्टेसाठी नव्हे. एकाच ओळीत दोन शब्द शेजारी बसले आहेत आणि दोघांचा अर्थ वेगळा आहे, हे ज्याने तो मथळा लिहिला त्याला माहीत होते. पुनर्रचना झाली तेव्हा खोली तेवढीच मिळाली. पुनर्विकासात ती मोठी मिळणार आहे, पण त्यासाठी जास्तीचे चटईक्षेत्र कोणीतरी विकणार आहे. दोन व्यवहार, दोन शब्द. बीडीडी चाळींचेही असेच. १९२० च्या दशकात ज्या खात्याने त्या बांधल्या त्याचेच नाव 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' होते. शंभर वर्षांनी १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट येतात, त्याला रीडेव्हलपमेंट म्हणणे अगदी शब्दशः बरोबर आहे. तिथेही कधी कधी आपण 'पुनर्बांधणी' छापता.

यात काय बिघडते ते आमच्या चाळीच्या उदाहरणाने सांगतो. २०१५ साली आमच्याकडे सभा झाली. एका वर्तमानपत्रात (आपल्या नव्हे) बातमी आली होती की आमच्या गल्लीतल्या चाळींची 'पुनर्बांधणी' होणार. ते कात्रण हातोहात फिरत होते. दुसऱ्या मजल्यावर सज्जाच्या टोकाला, कोपऱ्यातल्या खोलीत एक काकू राहत. दोन बाजूंनी वारा, कठड्यावर तुळस, खाली फणसाचे झाड. त्यांनी कात्रण मला दाखवले, कारण नकाशातले मला कळते अशी माझी ख्याती. म्हणाल्या, "पुनर्बांधणी म्हणजे परत तशीच बांधणार ना? माझी कोपऱ्यातलीच राहील ना रे?"

विकासकाने वाटलेला आराखडा माझ्या पिशवीत होता. मी तो आदल्या रात्री पाहिला होता. जुन्या रहिवाशांची बावीस मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर आठ सदनिका, कोणाला कोणती ते सोडतीने ठरणार. कोपरा नाही, सज्जा नाही, काळी रेघ एकही नाही. हे मी त्यांना पाच वाक्यांत सांगू शकलो असतो. पण सभा संपत आली होती, लोक सह्या करत होते, मलाही मोठे घर हवे होते. मी म्हणालो, "हो काकू, तसंच काहीसं." त्यांनी सही केली.

त्यांनी सही करायला नको होती असे माझे म्हणणे नाही. चाळ खरोखर धोकादायक झाली होती, जिना हलत होता, आणि पुनर्विकासाखेरीज दुसरा मार्ग कोणी दाखवत नव्हते. पुनर्विकास वाईट आणि पुनर्रचना चांगली असेही मला सांगायचे नाही. १८० चौरस फुटांत तीन पिढ्या राहिलेला माणूस असे सांगणार नाही. माझे म्हणणे एवढेच की त्यांनी एका शब्दावर सही केली आणि कागदावर दुसरा होता. करारनामा इंग्रजीत होता, त्यात पानोपानी रीडेव्हलपमेंटच लिहिलेले होते. बातमीत पुनर्बांधणी होते. आणि मध्ये उभा असलेला मराठी आरेखक गप्प बसला.

पुढे इमारत पाडली, तीन वर्षे भाडे आले, मग थांबले. ती कहाणी आपल्याकडे रोज छापून येते, ती मी सांगत नाही. काकू नालासोपाऱ्याला मुलीकडे असतात. दर पाडव्याला फोन करतात आणि विचारतात, "आपली खोली बांधायला घेतली का रे?" 'आपली खोली' म्हणतात, 'सदनिका' नाही.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी अशी. आपल्याकडे उपसंपादकांसाठी शब्दांची काही वही असेल तर तिच्यात एक पान वाढवा. जिथे जुनेच टिकवून सुधारले आहे तिथे दुरुस्ती, किंवा डागडुजी म्हणा, छान शब्द आहे. जिथे पाडून त्याच जागी, त्याच लोकांसाठी, तेवढेच उभे केले आहे तिथे पुनर्रचना किंवा पुनर्बांधणी, तुम्हाला जो रुचेल तो. जिथे जास्तीचे बांधून विकायचे आहे तिथे पुनर्विकास, आणि तिथे दुसरा कोणताही मवाळ शब्द नको. जिथे माणसे उठवून दुसरीकडे नेली तिथे पुनर्वसन. देवळाला जीर्णोद्धार आहेच, तो कोणी चुकवत नाही, कारण देवळाच्या बाबतीत आपण सगळे जागे असतो. आणि जिथे विटांचा संबंधच नाही, अमेरिकेच्या त्या बारा वर्षांसारखा, तिथे सरळ 'पुनर्रचनेचा कालखंड' लिहा आणि कंसात दोन ओळी खर्चून सांगा की कशाची. पडक्या भिंतींचे चित्र वाचेल.

रविवारच्या लेखाबद्दल शुद्धिपत्र द्यावे ही विनंती. नातू वाट पाहतो आहे. त्याला मी सांगितले आहे की कंत्राट रद्द झाले नव्हते, पण माझ्यापेक्षा त्याचा छापील शब्दावर जास्त विश्वास आहे.

कळावे,

आपला एक जुना वाचक
(निवृत्त आरेखक), डोंबिवली, मूळ गिरगाव

ता. क. त्याच अंकात पाचव्या पानावर मोठ्या अक्षरांत 'पुर्नविकास' असे छापले आहे. शब्द 'पुनर्' आहे. 'र्' हा 'न'च्या नंतर येतो, म्हणून रफार 'वि'वर पडायला हवा, 'न'वर नव्हे. हीच चूक आमच्या भूखंडावरच्या फलकावर आहे. नऊ वर्षांपूर्वी मी विकासकाच्या माणसाला ती दाखवली होती. तो म्हणाला, "काका, नवीन बोर्ड लावू तेव्हा बदलू." नवीन बोर्ड अजून लागलेला नाही. तुमचा अंक मात्र रोज नवा निघतो.